काशीभाऊंची ऐसपैस गाडी

काशीभाऊ कुणाला नुसतं "बसा" म्हणत नाहीत. गाडीचं दार धरून उभे राहतात, समोरच्या माणसाकडे खांद्यापासून कंबरेपर्यंत एकदा बघतात, डोळे बारीक करतात आणि त्याला त्याची जागा सांगतात. "गुरुजी, तुमी पुढं. बाई, तुमी मधी. आजी दाराशी. आणि तू रे, तू तिरका." एवढं झालं की मगच दार उघडतं. त्यांच्या क्रमानं बसलं तर मागच्या सीटवर चार माणसं मावतात. आपल्या मनानं बसलं तर तीनसुद्धा मावत नाहीत, आणि वर काशीभाऊंची बोलणी खावी लागतात.

"तरी सांगितलेलं, तिरका बस. आता बाहीला बाही घासते का नाय?"

बाही, कारण काशीभाऊ टेलर. किन्हवलीत त्यांचं घर आमच्या घराला लागून, दुकान सरळगावला, आणि मी ज्या शाळेत शिकवते ती शाळा बरोबर त्याच रस्त्यावर. त्यामुळे गेली चार वर्षं मी ह्या गाडीतून जाते-येते. एसटीची वाट बघण्यात माझी निम्मी नोकरी गेली होती, म्हणून सुरुवातीला मला फार बरं वाटलं. मग मी त्या गाडीत बसले.

गाडीचं नाव मी सांगत नाही. रस्त्यावरची सगळ्यात लहान आणि सगळ्यात स्वस्त चारचाकी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर जी येईल, तीच ती. रंग बिस्किटी. काशीभाऊ स्वतः सहा फुटांना दोन बोटं कमी आणि अंगानं अगदी काटकुळे. स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी त्यांचे दोन गुडघे वर आलेले असतात, उजवं कोपर खिडकीबाहेर असतं आणि खड्डा आला की टाळू छताला लागू नये म्हणून मान आधीच खाली जाते. किन्हवली ते सरळगाव रस्त्यावर खड्डे कुठे कुठे आहेत हे त्यांच्या मानेला पाठ आहे. आणि असा घडी घालून बसलेला हा माणूस मागे वळून आम्हांला विचारतो, "ऐसपैस हाय ना?"

नाही म्हणायची सोय नाही. एकदा आमच्या शाळेतल्या नव्या शिक्षिकेनं "जरा अडचण होतेय" असं म्हटलं. काशीभाऊंनी गाडी तिथल्या तिथे बाजूला घेतली, खाली उतरले, सगळ्यांना उतरवलं, आणि पुन्हा एकेक करून बसवलं. "चुण्या कशा पाडतात ठाऊक हाय ना? एक पुढं, एक मागं, एक पुढं, एक मागं. कापड तेवढंच, पण मावतं. मॅडम, तुमी मागं टेका. बाई, तुमी पुढं सरका. आजी, तुमी टेका. हां! कटिंगची बात हाय सगळी." आणि खरं सांगते, जागा झाली. तिरक्या बसणाऱ्याचं ढोपर माझ्या बरगडीत होतं, पण जागा झाली.

गाडीत बसण्याचे काही नियम होते. वळणावर सगळ्यांनी एकाच बाजूला कलायचं. फोन खिशात असेल तर बसायच्या आधी हातात घ्यायचा, कारण नंतर खिशापर्यंत हात पोचत नाही. खोकला येणार असेल तर शेजाऱ्याला आधी सांगायचं. छत्री, डबा, पर्स सगळं खिशांत. हो, खिशांत. आतून ती गाडी म्हणजे निव्वळ खिसेच खिसे होती. पुढच्या सीटच्या पाठीला दोन पॅचपॉकेट, दारांना तिरके खिसे आणि ड्रायव्हरच्या सीटखाली एक चोरखिसा. त्या चोरखिशात काय असतं हे गावातल्या सगळ्यांना माहीत आहे. खोबरेल तेलाची बाटली आणि तंबाखूची पुडी.

सीट कव्हरं घरचीच. पुढची सफारीच्या उरलेल्या कापडाची, मागची शाळेच्या युनिफॉर्मच्या निळ्या चौकड्याची. मी दिवसभर चौकड्यातल्या पोरांना शिकवून चौकड्याच्याच सीटवर बसून घरी येत असे, डोकं उठायचं. छताला आतून बँडवाल्यांच्या कोटांतलं लाल सॅटिनचं अस्तर. मूळचं छत काढून हे लावल्यानं उंचीत पाऊण बोट मिळालं, असं काशीभाऊंचं म्हणणं. दारांची प्लॅस्टिकची बाटली ठेवायची जागा त्यांनी कापून टाकली, एक इंच मिळाला. सीटवरच्या डोकं टेकायच्या उशा काढून टाकल्या. "मान टेकली की माणूस पसरतो, बाई. पसरला की जागा खातो." मागच्या सीटचा फोम काढून काथ्या भरला, तो दोन बोटं कमी. ही दोन बोटं, पाऊण बोट, एक इंच ते अशा कौतुकानं सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं ह्यांनी तालुक्यात एकर-दोन एकर जमीनच घेतली आहे.

शहापूरला एकदा आमच्याच आळीतल्या पांडुरंगचा पाय मोडला. कंबरेपासून टाचेपर्यंत प्लॅस्टर. जीप बोलवा, मोठी गाडी बोलवा, असं सगळे म्हणत होते. काशीभाऊंना हे ऐकवेना. त्यांनी पांडुरंगला मागच्या सीटवर आडवा घातला, त्याच्या बायकोला त्याच्या डोक्याखाली बसवलं, आणि प्लॅस्टरचा पाय खिडकीतून वीतभर बाहेर काढून अंगठ्याला लाल फडकं बांधलं. लोखंडाच्या सळया नेताना बांधतात तसं. शहापूर ते किन्हवली सगळ्या रस्त्यानं माणसं थांबून बघत होती. घरी उतरवल्यावर पांडुरंग रडत होता. काशीभाऊ सगळ्यांना सांगत होते, "पाय सोडला तर सगळा माणूस आत मावला का नाय?"

त्यांच्या पुतण्यानं मोठी गाडी घेतली, सात सीटांची. मिरवायला काकांकडे आणली. काशीभाऊ आत गेले, ह्या टोकाला बसले, त्या टोकाला बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, "बरी हाय. पण बाजूच्याशी बोलायला फोन लावाला लागंल."

आता तुम्ही म्हणाल, एवढा आटापिटा हा माणूस करतो कशासाठी? पैसे तो कुणाकडून घेत नाही. कुणी देऊ केले तर रागावतो. ह्याचं उत्तर किन्हवलीत लहान मुलालासुद्धा ठाऊक होतं. हे सगळं एका माणसासाठी चाललं होतं, आणि ते माणूस त्या गाडीत एकदाही बसत नव्हतं.

हिरावहिनी. काशीभाऊंची बायको.

वहिनी म्हणजे भरगच्च बाई. देहानंही आणि मनानंही. हसल्या की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतं. तांदळाची भाकरी थापतील तर परातीएवढी, आणि दोन खाल्ल्याशिवाय उठू देणार नाहीत. माझ्या बाळंतपणात माझी आई तिकडे सोलापूरला अडकली होती, तेव्हा सव्वा महिना मला न्हाऊ-माखू ह्याच बाईनं घातलं. कुणावर रागावून दोन दिवस अबोला धरलाय असं कधी झालं नाही. पण गाडी आल्यापासून चार वर्षं त्या गाडीत बसल्या नाहीत ते नाहीच. माहेरी जायचं, एसटी. बाजारात जायचं, एसटी. शहापूरला दवाखान्यात जायचं, तरी एसटीच.

आणि मागून काशीभाऊ. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. वहिनी नाक्यावर एसटीत चढायच्या, आणि एसटीच्या मागे आपली बिस्किटी गाडी घेऊन हे निघायचे. पुढे जायचं नाही, मागे राहायचं नाही. एसटी थांबली की हे थांबणार. एसटी सुटली की हे सुटणार. गाडीत ड्रायव्हरशिवाय चिटपाखरू नाही. वहिनी उतरल्या की हे खिडकीतून मान काढून विचारणार, "आता तरी बसतेस का? इथनं घर लांब हाय." वहिनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेणार आणि चालायला लागणार. मग हे पहिल्या गिअरमध्ये त्यांच्या मागे. गावातल्या कुत्र्यांनासुद्धा त्याची सवय झाली होती.

मग काशीभाऊंनी पुरावे आणायला सुरुवात केली. रस्त्यात कुणी आडव्या अंगाचा माणूस दिसला की त्याला ते पुढच्या सीटवर बसवून थेट घरी आणायचे. आमचे ग्रामसेवक चांगले तीन माणसांचे एक आहेत. बिचारे त्या ओटीसमोर गाडीतच बसून कितीदा चहा प्यायले असतील! काशीभाऊ दार उघडून बाजूला उभे राहायचे, दुकानात ठेवलेला कोट दाखवावा तसे. "हिरा, बाहेर ये. बघ, भाऊसाहेब बसले. दार लागतंय. भाऊसाहेब, जरा हलून दाखवा. बघ, हलतात पण!" भाऊसाहेब हलून दाखवायचे. वहिनी दारातून बघायच्या, म्हणायच्या, "बसू दे त्यांना. चहात साखर घालू का भाऊसाहेब?" आणि आत जायच्या.

आम्ही हसायचो. खरं सांगायचं तर आमची करमणूकच होती ती. मी शाळेत स्टाफरूममध्ये नक्कल करून दाखवत असे. वहिनी का बसत नाहीत हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. हट्ट असेल म्हटलं. बाईमाणसानं एखादा हट्ट करावा, त्यात काय एवढं?

ह्या वर्षी मात्र गोष्ट हट्टावर राहिली नाही. वहिनींच्या भावाच्या मुलीचं, रंजूचं, लग्न ठरलं. माहेर मुरबाडच्या पुढे. रंजूची आई आजारी होती तेव्हा ती पोर पाच वर्षं वहिनींकडेच वाढली. वहिनींना मूलबाळ नाही. त्यांच्या माहेरच्या घरात पहिली हळद लागते ती आत्याच्या हातची, आणि रंजूला आत्या एकच. वहिनींनी महिनाभर आधीपासून साडी काढून ठेवली होती. दिवसातून दोनदा ती उन्हात टाकायच्या आणि पुन्हा आत न्यायच्या.

आणि नेमके तेव्हाच गुडघे गेले. शहापूरच्या डॉक्टरनी स्पष्ट सांगितलं की एसटीची उंच पायरी आता बंद. जीपची पायरी तर त्याहून वर. बसायचं तर खाली, बुटक्या गाडीत, पाय न उचलता.

सबंध तालुक्यात ह्यापेक्षा बुटकी गाडी नव्हती. ती दाराशी उभी होती. वहिनी म्हणाल्या, "मंग नाय जात. लावून घेतील हळद त्यांची ते." आणि ओटीवर बसून मुकाट तांदूळ निवडायला लागल्या. त्या बाईला मुकाट बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

काशीभाऊंनी आठ दिवस दुकान बंद ठेवलं. पुढची डावी सीट गाडीतून काढून ओटीवर आणली. ह्या सीटांना दोन्ही कडांना उंचवटे असतात, ते भरल्या अंगाच्या माणसाला मांड्यांना टोचतात. ते त्यांनी ब्लेडनं तासून काढले. वरून मऊ कापूस भरला आणि मखमल घातली. मखमल! त्यांच्या दुकानात मखमल फक्त नवरदेवाच्या शेरवानीसाठी येते. सरळगावच्या गॅरेजमध्ये नेऊन सीटचे रूळ मागे आणि दाराच्या बाजूला चार-चार बोटं सरकवून घेतले. गुडघ्याला लागू नये म्हणून समोरच्या खणाचं झाकण काढून टाकलं. आठ दिवस मशीनचा आवाज ऐकून माझं डोकं भणभणलं, पण त्यांना काही बोलायची माझी हिंमत झाली नाही. जेवायलासुद्धा ते धड उठत नव्हते.

हळदीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ते आमच्याकडे आले. दाढी वाढलेली, हाताला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले.

"बाई, तुमी शिकलेल्या. माजं ती ऐकत नाय. तुमी सांगा तिला, जागा हाय. हे घ्या, लिहून आणलंय."

वहीचा कागद होता. आधी सीट किती रुंद, आता किती. आधी गुडघ्यापुढे किती, आता किती. सगळं इंचात, खाली दोन रेघा मारलेल्या. मी तो कागद घेतला आणि ऐटीत वहिनींकडे गेले. पोरांना समजावते, तर ह्यांना काय समजावू शकणार नाही?

वहिनींनी चष्मा लावला. कागद बराच वेळ बघितला. बोट फिरवत म्हणाल्या, "सहाचा आकडा अजून उलटाच काढतात."

"वहिनी, ते जाऊ द्या. जागा खरंच आहे. आता तरी बसा. रंजूसाठी बसा."

"जागा हाय ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय, बाई," त्या म्हणाल्या. "जागा नाय म्हणून मी बसत नाय असं कोण बोललं?"

मग त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता सांगितलं, ते जास्त वाईट.

"गाडी आणली त्या दिवशी पूजा केली, नारळ फोडला, सगळी आळी जमलेली. हे बोलले, हिरा, पहिली तू बस. मी नवी साडी नेसलेली. बसाला गेले, जरा अडकले, आणि ह्यांच्या तोंडातनं माप निघालं. मोठ्यानं. दुकानात बोलतात तसं. पुढा एवढा, कंबर एवढी, घेर एवढा." वहिनींनी मला आकडे सांगितले. मी ते इथे लिहिणार नाही. "आणि वर बोलले, सीट कमी पडते. कापड कमी पडतं बोलतात तसं."

"अहो, सवयीनं निघालं असेल."

"सवयीनंच. ते का मला ठाऊक नाय? एकवीस वर्सं दुकानात वही माज्या हातात होती. हे माप बोलाचे, मी लिवाची. त्या दिवशी हे बोलले आणि माजा हात लिवाला उठला, बाई. खरंच उठला. मंग कळलं, माप कोणाचं ते." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "सगळी हसली. पोट धरून हसली. तू पण हसलीस."

मला आठवलं. तोपर्यंत खरोखर आठवत नव्हतं. मी हसले होते, बाजूच्या बाईच्या खांद्यावर हात आपटून हसले होते, आणि घरी येऊन विसरून गेले होते. मला सव्वा महिना न्हाऊ घालणाऱ्या बाईला मी हसले होते. लाजेनं माझे कान तापले. मी त्यांचे हात धरले आणि "चुकलं माझं वहिनी" एवढंच कसंबसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुजं काय गो, तू लोकांतली. लोक हसणारच."

"मग दुकानातसुद्धा त्यानंतरच जायच्या बंद झालात?"

"गाडी घेतली ती मुळात त्याच्यासाठीच. एसटीची पायरी मला तेव्हापासूनच जड जात होती, तर हे बोलले, दोघं गाडीनं जाऊ. आणि मी गेलेच नाय. चार वर्सं एकटेच जातात. माप स्वतःच घेतात, स्वतःच लिवतात. मोठ्यानं बोलत नाय आता. गिऱ्हाइकांना वाटतं, घसा गेला." त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "गाडीत जागा हाय, हे हजार वेळा सांगितलं. माजं चुकलं, असं एकदा पण नाय."

मी तरातरा बाहेर आले. काशीभाऊ गाडीला टेकून उभे होते. माझा राग खरं तर माझ्यावरच होता, पण निघाला त्यांच्यावर. "काशीभाऊ, तुम्ही माणूस आहात की कात्री? चार वर्षं त्या बाईला इंच मोजून दाखवताय! एकदा चुकलं म्हणाला असतात तर काय झिजला असतात?"

ते अगदी हळू म्हणाले, "मंग मी हे काय करत होतो, बाई? चार वर्सं?"

"ते गाडीला कळलं असेल. वहिनींना तोंडानं सांगावं लागतं."

त्यांनी मखमलीवरून हात फिरवला. उलट सुलट, उलट सुलट. "तोंडानं नाय जमत मला," ते म्हणाले. "तोंडानंच तर घाण झाली सगळी."

"लोकांसमोर बोललात ना? मग लोकांसमोरच सांगा."

रात्रभर मला झोप नाही. उगाच बोलले असं वाटत होतं. नवरा-बायकोच्या मध्ये पडायचं मला कुणी सांगितलं होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी आळी निघायच्या गडबडीत होती. हळदीला आम्हां सगळ्यांनाच बोलावणं होतं. बायका साड्या नेसून बाहेर, पुरुष गाड्या पुसताहेत, कुणी आहेराच्या पिशव्या बांधतंय. वहिनी घरच्याच लुगड्यात ओटीवर बसलेल्या. काशीभाऊ मधल्या रस्त्यावर येऊन उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. त्यांनी घसा खाकरला आणि दुकानातल्या त्या जुन्या आवाजात, चार वर्षं कुणी न ऐकलेल्या आवाजात, हाक मारली.

"हिरा!"

सगळी आळी थांबली. मी मनात म्हटलं, देवा, आता ह्या माणसाच्या तोंडातून आकडा नको निघू दे.

"गाडीच्या पूजेच्या दिवशी मी बोललो ते चुकलं," काशीभाऊ म्हणाले. "बायकोचं माप लोकांत काढलं. माजं चुकलं. तू वही सोडलीस, त्याच्यात पण तुजं बरोबर होतं. मी... मला दुकानात करमत नाय, हिरा." आणि मग काय बोलावं ते न सुचून, आळीकडे वळून म्हणाले, "आणि तुमी पण हसलेले. सगळे."

ग्रामसेवकांनी नुसती मान खाली घातली. वहिनींचा चेहरा मला दिसत नव्हता, त्यांनी पदर तोंडाला लावला होता. हसतात की रडतात, मला कळेना. मग पदराआडून आवाज आला, "एवढं बोलाला चार वर्सं लागली?"

"अल्टरेशनला टाइम लागतो, हिरा," काशीभाऊ काकुळतीनं म्हणाले.

आळी जी हसली! आणि सगळ्यांत मोठं हसू वहिनींचं होतं. नेहमीचं, आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येणारं. "थांबा, साडी नेसून येते," त्या म्हणाल्या, आणि गुडघे धरत आत गेल्या. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलं नाही.

वहिनी बसल्या. मागे टेकल्या, पाय न उचलता आत घेतले, आणि काशीभाऊंनी दार दोन्ही हातांनी हळूच लावलं. दार लागलं. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, काशीभाऊसुद्धा नाही. मागे मी एकटी, माझ्या बाजूला आहेराच्या पिशव्या. त्या गाडीत मी पहिल्यांदाच दोन्ही खांदे टेकून बसले होते.

निघाल्यावर दोघांत बोलणं असं काही झालंच नाही. काशीभाऊ रस्त्याकडे बघत होते, वहिनी भाताच्या रिकाम्या खाचरांकडे. एकदा त्या म्हणाल्या, "शेरवानीची मखमल हाय ना ही?" हे म्हणाले, "हां." एवढंच. महिनाभर साडी उन्हात टाकणारी बाई रात्रभर झोपली नसणार. सरळगाव येईपर्यंत त्यांची मान कलायला लागली.

सरळगावच्या गतिरोधकाला काशीभाऊंनी गाडी दुसऱ्या गिअरवर आणली. त्या हिसक्यानं वहिनींचा हात मांडीवरून घसरला आणि गिअरच्या दांड्यावर येऊन पडला. त्या गाढ झोपल्या होत्या. पुढे रस्ता मोकळा, सरळ, तरी गाडी दुसऱ्यातच. इंजिन घोंघावायला लागलं. मागचे ट्रक हॉर्न मारून मारून पुढे गेले. एक सायकलवालासुद्धा बराच वेळ आमच्या बरोबरीनं चालला होता आणि आत डोकावून बघत होता.

"काशीभाऊ," मी म्हटलं, "गिअर टाका की! हळद सुकेल तिकडे."

त्यांनी आरशातून माझ्याकडे बघत ओठांवर बोट ठेवलं. "झोपलीय. हात हलवाला लागंल." मग जरा वेळानं, मला सांगावं की नाही अशा आवाजात म्हणाले, "दुकानात जाताना एसटीत रोज अशीच झोपाची, बाई. सरळगाव येईपर्यंत. डोकं माज्या खांद्यावर."

वहिनींचं डोकं कललेलं होतं, पण दोघांच्या मध्ये बरंच अंतर होतं. काशीभाऊ जेवढं झुकता येईल तेवढं डावीकडे झुकले. मान वाकडी, एक डोळा रस्त्यावर. तरी खांदा पोचेना.

"चार बोटं जास्तच सरकवली सीट," ते पुटपुटले. "उद्याच अलीकडे घेतो."

आणि तसेच वाकडे बसून त्यांनी मुरबाडपर्यंत गाडी दुसऱ्या गिअरमध्ये नेली.